हाड बदलायचं नाही

जमिनीवर कीबोर्डची बटणं सांडली होती आणि मी ती गोळा करत होते. कशाला, ते विचारू नका. समोर एक माणूस कानशिलावर टॉवेल दाबून बसलेला, बेगायिमच्या हनुवटीवरून रक्त ठिबकतंय, खालच्या पहारेकऱ्यानं पोलिसांना फोन केलेला, आणि मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बटणं वेचतेय. हातांना काहीतरी काम हवं होतं. नाहीतर त्यांनी ते लोखंड पुन्हा उचललं असतं. एक बटण ओलं लागलं. उजेडात धरलं तर दात होता. मुळासकट. मी तो बटणांबरोबरच मुठीत घेतला आणि एकदम मनात आलं, हा माणूस अजून बसलाय कसा? एवढं हलकं मारलं का मी? मला राग येतो, लहानपणापासून येतो. आई म्हणायची, सायकालला राग येत नाही, राग सायकालला घेऊन येतो. आज आम्ही दोघं आलो होतो आणि तरी दहा मिनिटं उशीरच झाला होता.

दर शनिवारी दुपारी आम्ही इथे जमतो. बंद पडलेल्या शिवणकारखान्याचा वरचा मजला. थंडी सुरू झाली की अख्ख्या बिश्केकचा कोळशाचा धूर त्या फुटक्या खिडक्यांतून आत येतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या नाकपुड्या काळ्या होतात. संगणकावर कोड लिहायला जमतो म्हटलं की माझ्या आतेभावाला वाटतं, आम्ही बँका लुटतो. तसलं काही नाही हो. एक छोटंसं कोडं, दोघांत एक कीबोर्ड, तासभर लिहायचं, मग सगळं पुसून टाकायचं आणि नव्या जोडीदाराबरोबर पुन्हा पहिल्यापासून. लोक पुसताना हळहळतात. पण त्याहून जास्त रडारड व्हायची जोड्या लावताना. सुरुवातीला म्हटलं, बसा ज्याला हवं त्याच्यापाशी. तर नारिनचे नारिनवाल्यांपाशी, ओशचे ओशवाल्यांपाशी, रशियन बोलणारे खिडकीपाशी आणि बायका चहाच्या किटलीपाशी! भेटल्या भेटल्या एकमेकांचे सात पिढ्यांचे बाप विचारणारी माणसं आम्ही, दुसरं काय होणार. मग मी स्वतः जोड्या लावायला लागले, तर प्रत्येकाचं तोंड वाकडं. ‘त्याला हुशार दिला, मला धोंडा दिला.’ कुबानिच म्हणून एक आहे आमच्यात, अखंड बडबड्या, तो तर थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला, ‘एजे, तू जोड्या लावतेस की स्थळं जमवतेस?’ शेवटी एका शनिवारी मी बाबांची पांढरी नमद्याची टोपी घेऊन आले आणि तिच्यात मेंढीच्या घोट्याची हाडं. रंगवलेली, एका रंगाची दोनच. हात घालायचा, हाड काढायचं, ज्याचा रंग तुझा तो तुझा. मग मी ओरडायचे, ‘हाड?’ आणि अख्खी खोली एका सुरात ओरडायची, ‘बदलायचं नाही!’ मला त्या ओरडण्याचा केवढा अभिमान होता. आठवडाभर मी त्या ओरडण्याच्या जिवावर जगायचे.

घोट्याचंच हाड का, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे पानात हाड वाढतात ते माणूस बघून. कमरेचं कुणाला, मांडीचं कुणाला, डोकं कुणापुढे ठेवायचं, वयाप्रमाणे, नात्याप्रमाणे सगळं ठरलेलं. माझे बाबा लोकांच्या जेवणावळींना मेंढ्या कापायचे आणि वाढायचेही. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल आणि त्या लाल हातांनीच ते माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. मला त्या वासाची अजून भूक लागते आणि शिसारीही येते. एका लग्नात त्यांच्या हातून चूक झाली. व्याह्यांच्या म्हाताऱ्यापुढे त्यांनी त्याच्या धाकट्या भावाच्या मानाचं हाड ठेवलं. म्हाताऱ्यानं ते उचललं, नीट बघितलं, आणि बाबांच्या तोंडावर फेकून मारलं. डावा डोळा गेला. मी दारात उभी होते, तळलेले बोरसोक खात. डोळ्यातून जे काही बाहेर आलं ते मी पाहिलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मग बाबा काय बोलले ते ऐकलं. म्हणाले, ‘माझी चूक.’ चेहऱ्यावर हात दाबून, बोटांतून रक्त वाहतंय, आणि हा माणूस म्हणतोय माझी चूक! तेव्हा मला त्या म्हाताऱ्याला नाही, बाबांना मारावंसं वाटलं होतं. घोट्याचं हाड मात्र कुणाच्या मानाचं नसतं. ते पोरं उचलून नेतात खेळायला. म्हणून मी ते घेतलं. म्हटलं, हेच एक हाड असं, ज्याच्यात कुणी वडील नाही, कुणी धाकटा नाही.

आणि नावं. माझ्या खोलीत एजे नाही, बाइके नाही, ताई-दादा काही नाही, नुसतं नाव. सत्तरीचा माणूस आला तरी नुसतं नाव. कुबानिच लाडात आला की मुद्दाम ‘एजे’ म्हणून चिडवायचा, पण बाकी सगळे हळूहळू सायकाल म्हणायला शिकले. एकटी बेगायिम शिकली नाही. ‘एजे, चहा ओतू?’ ‘एजे, कप धुते.’ मी दर वेळी म्हणायचे, ‘सायकाल म्हण!’ ती हसून मान खाली घालायची. नवरा मॉस्कोत टॅक्सी चालवतो, ही सासरी. एक मुलगी, ऐपेरी, नुकती बोलायला लागलेली. शिवणाच्या शिकवणीला जाते असं घरी सांगून ती इकडे यायची, आणि खोटंही पूर्ण नव्हतं, कारखाना शिवणाचाच. डोकं असं की दुसऱ्यानं प्रश्न वाचून संपवायच्या आत तिचं उत्तर तयार. पण बोलेल तर शपथ. एकदा कप विसळताना माझ्याकडे न बघता म्हणाली होती, ‘काम मिळालं की एक खोली घ्यायची, एजे. मी आणि ऐपेरी. दाराला आतून कडी असलेली.’ कडी आतून असलेली! मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी तिचं नाव एका ओळखीच्या ऑफिसात सांगून ठेवलं होतं आणि ते म्हणाले होते, हुशार आहे ते ठीक, पण चारचौघांत तोंड उघडून बोलते का? म्हणून मी तिला बोलतं करायच्या मागे लागले होते. माझा आणखी एक नियम होता ना: ज्याला जास्त येतं त्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं, ज्याला कमी येतं त्यानं लिहायचं. तो नियम मी जवळजवळ तिच्यासाठीच केला होता.

आज दुपारी एक नवीन माणूस आला. चाळिशीचा, कडक इस्त्रीची कॉलर, हातात मिठाईचा खोका. नाव विचारलं तर म्हणाला रिसबेक, जरा बघायला आलोय इथे काय चालतं. ‘इथे बघे नसतात,’ मी म्हटलं आणि टोपी त्याच्या पोटाला लावली. कुबानिच म्हणाला, ‘घाला हात, चावत नाही ती.’ तो हसला. त्याच्या हाताला निळं आलं. मग बेगायिम धापा टाकत आली आणि उंबऱ्यातच थांबली. डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. भिंतीभिंतीनं, पाठ कुणाकडे होणार नाही अशी, तिरकी तिरकी आत आली. आता सांगते तर प्रत्येक गोष्ट कशी ओरडून सांगत होती! या शहरातल्या कुठल्याही बाईनं ते चालणं ओळखलं असतं. मीही तसं चालले आहे. पण माझ्या डोक्यात जोड्या होत्या, रंग होते, माझी ती लाडकी आरोळी होती. टोपीत एकच हाड उरलं होतं. तिनं ते काढलं, बघितलं, आणि माझ्या अगदी जवळ येऊन पुटपुटली, ‘बदला ना, एजे. हे निळं नको. बदला ना.’ तिच्या तोंडाला दुधाचा वास येत होता, पोरीला पाजून आली असावी. मी काय केलं? मी मान मागे टाकली आणि गरजले, ‘हाड?’ आणि सगळे दात दाखवत अख्खी खोली गरजली, ‘बदलायचं नाही!’

तो तिचा थोरला दीर होता. सून शिवण शिकते की आणखी काय ते बघायला आलेला. हे मला माहीत नव्हतं, आणि ती त्याच्यासमोर मला ते सांगू शकत नव्हती, कारण सांगायचं तर नाव घ्यायला नको, पण बोट तर दाखवायला हवं, आणि थोरल्या दिराकडे बोट दाखवलेलं चालत नाही. नाव तर नाहीच नाही. मला कोण शिकवणार ते! तलासला माझं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. झालं, लोखंड म्हणायचं नाही. तवा लोखंडाचा, फाटक लोखंडाचं, घोड्याची नाल लोखंडाची, आणि मी म्हणायचे ‘ते काळं जड’. ‘आई, त्या काळ्या जडावर भाकरी टाकू का?’ एकदा अंगणात तारेनं माझी पोटरी फाटली आणि दवाखान्यात डॉक्टरणीनं विचारलं, कशानं लागलं. मी वेदनेत बोलून गेले. नवरा शेजारीच होता. घरी येईपर्यंत गप्प बसला. मग अंगणात, सगळ्यांच्या देखत, त्यानं माझं तोंड फाटकाला घासलं. म्हणाला, ‘घे, आता हवं तेवढं घे नाव.’ गंजाची चव मला अजून ओळखते. मी पळाले तेव्हा मुलगा झोपलेला होता. दार सासूच्या खोलीतून होतं, त्याला उचलता आलं नसतं. तो आता उंच झालाय म्हणे. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणतो, ती बिश्केकवाली. नाव घेत नाही.

तर हे सगळं अंगावर लिहिलेलं असताना मी आज त्या टेबलापाशी गेले. तो खुर्चीत, ती उभी. दिरासमोर सून बसते का कुठे? मी म्हटलं, ‘बस ना गं,’ आणि तिचा खांदा धरून तिला दाबून बसवली. ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर, अंगाची घडी करून. तो एका बोटानं टकटक लिहीत होता, आणि जे लिहीत होता ते पहिल्या ओळीपासून चुकलेलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिच्या गालाची शीर उडत होती. तिला चूक दुखते, मला माहीत आहे. ‘बेगायिम, सांग ना त्याला. चुकतोय तो.’ ती ढिम्म. ‘त्या ऑफिसात पण अशीच बसणार का? अगं, तोंड उघड! नावानं सांग. रिसबेक, ती ओळ खोड. म्हण.’ त्याची मान ताठ झालेली मी पाहिली आणि मला वाटलं, पुरुष आहे, बाईकडून ऐकायला जड जातंय, जाऊ दे जड! मला मजा आली. खोटं कशाला बोलू. कुबानिचनं टेबलावर ताल धरला, ‘ना-वानं! ना-वानं!’ आणि सगळे हसत हसत ओरडायला लागले, माझीच शिकवलेली माणसं. बेगायिमनं माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसती जीभ वर टाळूला लागलेली दिसली, नावाच्या पहिल्या अक्षराला लागते तशी.

त्यानं कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या तोंडावर आणला. गालावर नाही, डोक्यावर नाही, तोंडावर. पहिल्या फटक्याला बटणं उडाली. दुसऱ्याला वायर तुटली. तिसऱ्याला ओरडला, ‘थोरल्या दिराचं नाव घेतेस? चारचौघांत?’ आणि माझ्या खोलीतली ती सगळी हसरी तोंडं तशीच उघडी राहिली. कुणी हललं नाही. ती ओरडली नाही. हात पदराखाली घालतात तसे रुमालाखाली घालून बसून राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा, डोळ्यांसमोर, दिवसाउजेडी, मिठाईचा खोका शेजारी. खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून आम्ही त्याला कारखान्यातली जुनी इस्त्री लावून ठेवतो, शिंप्याची, ओतीव. माझ्या हातात ती कधी आली मला सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतंय की हातात लोखंड आहे हे मला शब्दानं कळलं. लोखंड. लोखंड. लोखंड. मी मोठ्यानं म्हणत होते की मनात, कुबानिचला विचारायला हवं. कानशिलावर बसलं तेव्हा पिकलेलं कलिंगड खाली टाकल्यासारखा आवाज झाला आणि मला इतकं बरं वाटलं की भीती वाटली. तो गुडघ्यांवर आला. मी पुन्हा हात उचलला. तिघांनी मिळून मला धरलं. आता हलले हो सगळे, आता बरोबर हलले!

पोलीस आला तो पोरगेला लेफ्टनंट, बुटांना चिखल, मिशीचं नुसतं वचन. त्यानं खोली बघितली, रक्त बघितलं, टोपी बघितली. ‘हे काय, जुगार?’

‘कोड लिहितो आम्ही,’ कुबानिच म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

‘कोड लिहिताना दात पडतात?’ कुणी हसलं नाही. ‘कोणी मारलं?’

रिसबेकनं टॉवेल न काढता माझ्याकडे बोट केलं. ‘या बाईनं. सायकाल नाव तिचं.’ किती सहज घेतलं त्यानं नाव. पुरुषाच्या जिभेला हाड नसतं.

‘आणि हिला?’ लेफ्टनंट बेगायिमकडे वळला. कुबानिच मध्येच म्हणाला, ‘अहो, यानंच आधी—’ तर लेफ्टनंट त्याच्यावर खेकसला, ‘तुला विचारलं का? जिचं तोंड फुटलंय ती बोलेल. तिनं नाव सांगितलं तर तक्रार, नाही सांगितलं तर ही घरातली भानगड, मी चाललो. बोल गं बहिणी, कोणी मारलं? नाव घे.’

नाव घे! मी उठून उभी राहिले. बटणं हातातून पुन्हा खाली सांडली. घे, मी मनात म्हणत होते, घे त्या मेल्याचं नाव, आता तर घे, दात गेला, ओठ फाटला, आता काय राहिलंय जायचं? माझे हात शिवशिवत होते. तिची मान धरून ते नाव हलवून हलवून बाहेर काढावं असं वाटत होतं. रिसबेकनं टॉवेल खाली केला. तो रागावलेला नव्हता, हेच भयंकर. तो घरच्या आवाजात, जेवायला बोलवावं तसा म्हणाला, ‘ऐपेरी उठली असेल एव्हाना.’

एवढंच. लेफ्टनंटला ते कळलंही नाही. मला कळलं. ते दार कुणाच्या खोलीतून आहे, किल्ली कुणाच्या कमरेला आहे, पोर कुणाच्या मांडीवर झोपलीय. बेगायिमनं त्याच्या बुटांकडे बघितलं. तोंडाकडे बघायचं नसतं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि फाटलेल्या ओठांनी, रक्त गिळून, स्पष्ट म्हणाली, ‘सायकालनं.’

खोली उसळली. ‘अगं वेडे!’ ‘काय बोलतेस तू?’ कुबानिच तर रडायलाच लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं नाव! सबंध वर्ष मी मागे लागले, सायकाल म्हण, सायकाल म्हण, आणि घेतलं ते आज, असं. इस्त्री दारापाशी कलंडली होती, दोन पावलांवर, आणि देवाशपथ सांगते, दुसरा फटका मला तिलाच मारायचा होता. मी एक पाऊल टाकलंही. तेव्हा तिनं मूठ उघडली. फार नाही, मला दिसेल एवढीच. आत ते निळं हाड होतं. इतका वेळ, तो मार खाताना, ती ते धरून बसली होती. डोळे मगाचेच होते, टोपीपाशी होते तेच. बदला ना. ओठ हललेसुद्धा नाहीत, हलण्यासारखे राहिलेच नव्हते.

मला बाबांचा हात आठवला, चेहऱ्यावर दाबलेला, आणि मी दारात, तोंडात बोरसोकचा घास. इतकी वर्षं मी त्या माणसाचा राग करत होते. आताही करते. राग गेला वगैरे काही नाही, तो असा घशापर्यंत आलेला होता की बोलताना मला वाटलं, शब्दाबरोबर रक्त येईल.

‘हो,’ मी लेफ्टनंटला म्हटलं. ‘दोघांनाही मीच मारलं.’

‘कशानं?’

‘लोखंडानं.’

रिसबेकनं टॉवेल पुन्हा कानशिलाला लावला. लेफ्टनंट माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग जमिनीवरच्या बटणांकडे. मूर्ख नव्हता तो, पण त्याला घरी जायचं होतं. ‘कोट घाला,’ म्हणाला. मी कोट घातला. मग बेगायिमपाशी गेले आणि हात पुढे केला. तिनं हाड माझ्या तळहातावर ठेवलं. ओलं होतं, चिकट. मी ते खिशात टाकलं.

‘काय घेतलंत ते?’ लेफ्टनंटनं विचारलं. ‘काय दिलं तिनं?’

सगळे माझ्याकडे बघत होते, माझी ती ओरडणारी माणसं.

‘हाड,’ मी म्हटलं. ‘बदलून घेतलं.’